आक्कानं न टाकलेलं खोकं

ही गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. नीट म्हणतो, कारण एकदा सांगायला गेलो होतो. ते कसं झालं तेही सांगणार आहे, पण मला जरा वळसे घेत घेत यावं लागेल. तुम्ही बसा. घाई नसेल तर बसा.

तसं पाहिलं तर गोष्ट केवढीशी? नवा लॅपटॉप बिघडला. तो दुकानात परत द्यायचा होता. आणि त्याचं खोकं घरात नव्हतं. एवढंच. एवढ्याशा गोष्टीची कुणी कबुली देतं का? इतकी वर्षं मी स्वतःला हेच विचारून गप्प बसवत आलो.

मी सोलापुरात एका ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतो. शुक्रवार पेठेतल्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर आमचं घर. मी, माझी बायको वैशाली आणि माझी थोरली बहीण, आक्का. मूलबाळ नाही. तिघांचं घर तसं शांत असतं. उन्हाळ्यात तर दुपारी इतकं शांत होतं की पंख्याच्या आवाजात कुणीतरी काहीतरी पुटपुटतंय असं वाटतं.

आक्का माझ्याहून बरीच मोठी. आमचं गाव वळसंग. आई गेली तेव्हा मी नुकता चालायला लागलो होतो. आईचा एकही फोटो नाही. वडील मुळातच अबोल, शेतात असायचे, पुढे तेही गेले. मला वाढवलं आक्कानं. तिला पाहायला दोनदा माणसं आली होती म्हणतात. दोन्ही वेळेला तिनं सांगितलं की हे पोर माझ्यासंगं येणार, आणि दोन्ही वेळेला माणसं चहा पिऊन उठली. मग माझ्या शिक्षणासाठी ती सोलापुरात आली, एका खानावळीत भाकरी थापायला लागली. मला नोकरी लागली त्या दिवशी मी म्हणालो, आता बस कर. तिनं ऐकलं, पण रिकामी कधी बसली नाही.

तिची खरी मिळकत म्हणजे तिची आठवण. असं बघा — कुणाच्या लग्नात पंगतीला कोण कुणाशेजारी बसलं होतं, कुणाच्या दाराला आधी कुठला रंग होता, कुठल्या साली चिंचेला चिंचाच धरल्या नाहीत, हे सगळं तिला दिसायचं. आठवायचं नाही, दिसायचं. बोळातल्या बायका भांडण मिटवायला तिच्याकडे येत. आक्का म्हणाली म्हणजे तसंच झालं असणार.

आणि माझ्यासाठी? माझी आई तिच्या आठवणीत राहत होती. दुसरीकडे कुठेच नाही.

दुपारी जेवणं झाली की मी फरशीवर आडवा व्हायचो आणि आक्का सांगायची. वळसंगच्या घराचं अंगण, अंगणभर वाळत घातलेल्या शेंगा, आणि त्या शेंगांच्या मधोमध पाय पसरून बसलेली आई. आक्का तिला अव्वा म्हणे. अव्वा अक्कलकोटच्या पलीकडची, घरात कानडी बोलायची, मला 'कंदा' म्हणजे बाळ म्हणायची. हातात हिरव्या बांगड्या. डाव्या हातात एक कमी, कारण ती मी हिसका देऊन फोडलेली. अव्वा शेंग दातानं फोडायची, दाणा आधी आपल्या तोंडात मऊ करायची आणि मग माझ्या तोंडात घालायची. ऊन उतरेपर्यंत असं चाललेलं असायचं. आक्का सांगे तेव्हा माझे डोळे मिटत आलेले असत, आणि त्या अर्धवट झोपेत मला वाटायचं की हे मला आठवतंय. माझं मलाच. शेंगांचा तो मातकट वास, तो ओला दाणा. चाळिशी ओलांडली तरी मी ते ऐकत होतो. हसाल कदाचित. हसा.

अजून एक सांगायला हवं. आक्काला जगात एकाच गोष्टीची भीती होती. आमची एक मावशी गावात म्हातारपणी सगळं विसरत गेली होती. शेवटी शेवटी ती स्वतःच्याच दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, माझं घर कुठं आहे. आक्कानं ते डोळ्यांनी पाहिलेलं. ती म्हणायची, मरण कसंही येऊ दे, पण असं नको. मला हे माहीत होतं. त्या दुपारीसुद्धा माहीत होतं. हे तुम्ही मनात ठेवा, कारण मी ते विसरलो होतो असं म्हणायची सोय मला नाही.

लॅपटॉप आणला तो मार्चमध्ये. वर्गात नकाशे मोठे करून दाखवायचे, घरी बसून धडे तयार करायचे, अशी माझी हौस. आणायला गेलो तेव्हा आक्का बरोबर होती. दुकानदार पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. त्यानं खोकं माझ्या हातात देताना सांगितलं की सर, हे जपून ठेवा, काही निघालं आणि बदलून द्यायची वेळ आली तर खोक्याशिवाय कंपनी माल परत घेत नाही. मी हो हो म्हणालो. रिक्षात बसल्यावर आक्का म्हणाली की खोकं माळ्यावर ठेवू. आणि ठेवलं.

पुढे काही दिवसांनी कॉलेजातल्या एका सहकाऱ्याची बदली माळशिरसला झाली. वैशाली तेव्हा माहेरी गेलेली होती. तो संध्याकाळी घरी आला, सामान बांधायला मजबूत खोकी मिळत नाहीत म्हणाला. मला काय सुचलं कुणास ठाऊक — उदार व्हायला मला आवडतं, त्यात आपलं काही जात नसलं तर जास्तच — मी स्टुलावर चढलो आणि माळ्यावरून ते खोकं काढलं. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "सिदू, ते देऊ नगंस की. दुकानवाला ठेवा म्हणाला हुता."

मी हसलो. तिला म्हणालो, अगं नवीन वस्तू आहे, काही होत नाही तिला. आतले थर्मोकोलचे तुकडे कचऱ्यात टाकले, सुतळी शोधून दिली. तो खोकं घेऊन गेला.

हे असं झालं. हे मला तेव्हाही स्वच्छ आठवत होतं आणि आजही आठवतं. तिचे पीठ लागलेले हात, दारातला पिवळट उजेड, स्टुलाचा डुगडुगणारा पाय. यात धूसर काहीच नाही.

त्यानंतर आठवडाभरात लॅपटॉपचा पडदा थरथरायला लागला. आधी नुसता, पाण्यात सावली हलावी तसा. मग त्यावर आडव्या रेघा आल्या. मग एके सकाळी महाराष्ट्राचा नकाशा उघडला आणि तो माझ्या डोळ्यांसमोर वरून खाली पांढरा होत गेला. मी दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, मुदतीत आहे, काळजी करू नका, खोक्यासकट घेऊन या. मी माळशिरसला फोन लावला. सहकारी शरमून हसला. त्याच्या घरी अंघोळीच्या पाण्याला बंब होता, आणि खोकं बंबात गेलं होतं.

आता काय करायचं? एवढी महागाची वस्तू. वैशाली परत आली होती. तिनं विचारलं, खोकं कुठे आहे? मी म्हणालो, बघतो. तिनं माळा पाहिला, पलंगाखाली पाहिलं. मी पण पाहिलं. तिच्याबरोबर वाकून वाकून, जळालेलं खोकं शोधलं. तेव्हाच सांगून टाकलं असतं तर? ती थोडी चिडली असती, तासाभरात विसरली असती. पण आपला नवरा मूर्खपणा करतो हे तिला दिसू नये असं मला फार वाटायचं. का वाटायचं, हे विचारू नका.

त्या दुपारचं मला जे आठवतं ते सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं आठवतं. एप्रिल संपत आलेला. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर जास्त सांगायला नको. रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, दूरची माणसं हलत्या हवेत कमरेपासून तुटल्यासारखी दिसत होती. मी आक्काला म्हणालो, चल माझ्याबरोबर. दुकानात गारवा असतो, येताना तलावावर बसू. ती हरखली. तिनं ठेवणीतलं इरकल लुगडं काढलं, केस विंचरले, रिक्षात माझ्या शेजारी बसून लॅपटॉपची पिशवी मांडीवर घेतली, लहान मूल घेतल्यासारखी.

दुकानात शिरलो आणि घाम अंगावरच गार झाला. भिंतभर टीव्ही लावलेले होते आणि सगळ्यांवर एकच चित्र चालू होतं. निळं पाणी, आणि त्यातून संथपणे जाणारे पिवळे मासे. एक मासा पहिल्या टीव्हीतून बाहेर पडायचा, तोच मासा प्रत्येकातून बाहेर पडायचा. आवाज नव्हता. आक्का तिथेच थांबली. तोंडावर पदर धरून ती त्या माशांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड हलत होता.

मी काउंटरवर गेलो. दुकानदारानं लॅपटॉप सुरू करून पाहिला, मान हलवली, दोष आहे म्हणाला. मग खोकं मागितलं. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, मग अवघड आहे, सर. त्याचा आवाज वाईट नव्हता. तो म्हणाला की मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, मावशीपण होत्या बरोबर. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात मला वाटलं, की एक शिकलेला माणूस साधं खोकं सांभाळू शकत नाही, असं काहीतरी आहे. कदाचित नव्हतंही.

आणि मग ते माझ्या तोंडून निघून गेलं.

नाही. इथे मी तुमच्याशीही खोटं बोलतोय. निघून गेलं नाही. मी ते घरूनच आणलं होतं. आक्काला बरोबर का नेलं मी? गारव्यासाठी? तलावासाठी? रिक्षात ती शेजारी बसली होती तेव्हाच ते वाक्य माझ्याजवळ होतं. वापरावं लागणार नाही अशी आशा होती, एवढंच. मी आजवर स्वतःलाही सांगत आलो की ते अचानक सुचलं. सुचलेलं नव्हतं.

मी काउंटरवर झुकलो आणि हलक्या आवाजात म्हणालो, "काय करणार, घरात वय झालेलं माणूस आहे. आक्कानं खोकं घंटागाडीत टाकून दिलं. तिला हल्ली काही आठवत नाही हो."

आवाज हलका होता, पण दुकान शांत होतं. मासे तर काहीच बोलत नव्हते. आक्का वळली.

तिनं माझ्याकडे पाहिलं. किती वेळ? मला नाही सांगता येणार. तिच्या पाठीमागून तो पिवळा मासा पुन्हा पुन्हा जात होता. मला वाटलं, आता ती बोलेल. ती म्हणेल की मी तर देऊ नको म्हटलं होतं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला हवंही होतं की तिनं बोलावं. पण ती काउंटरपाशी आली, दुकानदारापुढे हात जोडले आणि म्हणाली, "मीच टाकलं आसंल, मालक. माझ्या चुकीपायी पोराचं नुकसान करू नगा."

दुकानदार उठून उभा राहिला. मावशी, हात कशाला जोडता, म्हणाला. आमच्या आईचंही असंच झालंय, म्हणाला. त्यानं फोन केले, कंपनीतल्या कुणाशी तरी बोलला, बिनखोक्याचा माल स्वतःच्या जबाबदारीवर घेतला. आक्कासाठी गार सरबत मागवलं. आम्हाला दुसरा लॅपटॉप मिळाला. तो पुढे अनेक वर्षं चालला, एकदाही बिघडला नाही.

दुकानातून बाहेर पडताना मी स्वतःला समजावलं की आक्कानं मला सांभाळून घेतलं. तिला खरं माहीत आहे, तिनं माझी अब्रू राखली, जशी लहानपणी राखायची. हा विचार मला तलावापर्यंत पुरला.

तलावावर संध्याकाळ उतरत होती. पाण्याचा रंग जाऊन नुसती चमक राहिली होती. देवळाची सावली पाण्यात लांबत चाललेली. आम्ही पायरीवर बसलो. मी कणीस घेतलं, तिनं खाल्लं नाही, हातातच धरून ठेवलं. ती पाण्याकडेच बघत म्हणाली, "सिदू, मला वाटतंय मी तुला खोकं देऊ नगंस म्हटलं हुतं. तू स्टुलावर हुतास. तुझ्या कालेजातला माणूस आला हुता. का सपान पडलं मला?"

बघा. सगळं तिथे होतं. स्टूल, माणूस, तिचं वाक्य. काहीच विसरली नव्हती ती. ती मला विचारत होती, कारण तिच्या जगात मीच एकटा असा होतो ज्याच्या शब्दाला तिनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त मानलं होतं. दुकान मागे पडलं होतं. लॅपटॉप मिळाला होता. आता खोटं बोलून मला काहीही मिळणार नव्हतं. आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. तिच्यासमोर लाज वाटायची तर तिनं माझी लंगोटं धुतलेली. मग का? कशासाठी?

मी म्हणालो, "स्वप्न पडलं असेल, आक्का."

ही माझी कबुली. दुकानातलं वाक्य नव्हे — हे.

तिनं नुसती मान हलवली, हळूहळू, एखादी गोष्ट समजून घेतल्यासारखी. आणि मला ते दिसलं. तिच्या आत काहीतरी सरकलं, ते मला समोर बसून दिसलं. मी कणीस खात राहिलो.

त्यानंतर जे झालं ते एकदम झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कपाटाच्या किल्ल्या वैशालीकडे दिल्या. तू ठेव गं, मी कुटं टाकीन सांगता येत न्हाय, म्हणाली. मग गॅस बंद आहे का ते ती दोनदा बघायला लागली, मग उठून तिसऱ्यांदा. गोळी घेतली का, हे वैशालीला विचारायला लागली. बोळातल्या बायका काही विचारायला आल्या तर म्हणायची, मला नका विचारू बायांनो, माझं काही खरं न्हाय आता. हळूहळू त्याही यायच्या थांबल्या. बाजारात एकटी जाणं तिनं सोडलं. एकदा तिला नेहमीच्या कोपऱ्यावर उभी राहिलेलं मी गच्चीतून पाहिलं. घर समोर होतं. ती दाराकडे बघत होती, ओळखीचं आहे पण बरोबर आहे ना, असं. मला आमची ती मावशी आठवली. मी खाली गेलो नाही. ती आपणहून आली.

वैशालीला काळजी वाटली. तिनं आक्काला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बरंच काही विचारलं, आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं दाखवली. वैशाली घरी येऊन आनंदानं सांगत होती की डॉक्टर म्हणाले, यांची आठवण तर माझ्यापेक्षा चांगली आहे. आक्का हसली आणि म्हणाली की डॉक्टरला काय ठाव, घरच्या माणसाला ठाव आसतं. असं म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं. तक्रार म्हणून नाही. विश्वासानं.

आणि दुपारी?

एका दुपारी मी फरशीवर आडवा झालो, पंखा पुटपुटत होता, आणि मी म्हणालो, आक्का, अव्वाचं सांग. तिनं डोळे मिटले. मला वाटलं तिला झोप लागली. मग ती म्हणाली, शेंगा होत्या अंगणात, असं वाटतंय. बांगड्या हिरव्या होत्या का लाल, कुणास ठाऊक. मी म्हणालो, हिरव्या, तूच सांगायचीस. तर ती म्हणाली, "मी सांगितलेलं खरं आसंल कशावरनं? सपानातलं सांगितलं आसंल तर? तुझी आय हाय ती, सिदू. तिच्याबद्दल खोटं कसं सांगू?"

त्यानंतर तिनं आईचं कधी सांगितलं नाही. एकदाही नाही. मी आता डोळे मिटतो तेव्हा अंगण दिसतं, पण त्यातली बाई कडेनं विरघळत जाते. बांगड्यांचा रंग मी म्हणतो म्हणून हिरवा असतो. दाण्याची चव येत नाही. ज्या माणसाच्या डोळ्यांत ते सगळं होतं त्याला मी सांगितलं की तुझे डोळे खोटे आहेत. मग मला ते कुठून दिसणार?

आता ते दुसरं सांगतो, एकदा सांगायला गेलो होतो म्हणालो ते.

हल्लीचीच गोष्ट आहे. आक्का आता सत्तरीला टेकली. त्या दिवशी रविवार होता. वैशालीनं वांग्याचं भरीत केलं होतं, आणि आक्कानं बऱ्याच दिवसांनी भाकरी थापल्या होत्या. वैशाली तव्यापाशी उभी राहून मीठ घातलं का ते सांगत होती, कारण आक्का सारखं विचारत होती. मी ताटावर बसलो होतो. आक्का चौथ्यांदा म्हणाली की बघ गं, मी मीठ घातलं का, आणि मी म्हणालो, आक्का, थांब. मी म्हणालो की त्या लॅपटॉपचं खोकं तू टाकलं नव्हतंस. ते मी दिलं. माळ्यावरून काढून, माझ्या हातानं. तू देऊ नको म्हणाली होतीस. ते स्वप्न नव्हतं.

वैशालीनं उलथनं खाली ठेवलं.

आक्का माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी, आता. ती उठली, माझ्याजवळ आली, पीठ लागलेला हात माझ्या डोक्यावरून फिरवला आणि वैशालीला म्हणाली, "बघितलंस का? मला वाईट वाटू नये म्हणून माझी चूक आपल्या अंगावर घेतोय. ल्हानपणापासनं असाच हाय ह्यो. लई गुणाचा."

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या पहिल्या वर्षात बघायची तसं.

मला बोलता आलं असतं. मी म्हणू शकलो असतो की नाही, आक्का, हे खरं आहे, माळशिरसच्या त्या माणसाला आत्ता फोन लावतो, त्याला विचार. त्याचा नंबर माझ्याकडे होता. अजून आहे. दोघीही माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या दोघींच्या डोळ्यांत जो माणूस होता तो इतका चांगला होता की मी त्याला तिथून हलवलं नाही.

आक्कानं माझ्या ताटात गरम भाकरी वाढली. मी मान खाली घालून जेवलो. मला बरं वाटत होतं.